मोबाइल, डिग्री आणि आम्ही

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि लिहितो मराठीत. घरात स्वतःला 'हम' म्हणायची सवय असल्यामुळे मराठी लिहायला बसलो की 'मी'च्या जागी आपोआप 'आम्ही' येते. बी.एड.ला असताना वर्गातली एक मैत्रीण विचारायची, "तुमच्याबरोबर आणखी कोण कोण आहे?" आम्ही हसून सोडून द्यायचो. पण या लेखापुरते तरी हे 'आम्ही' खरोखर अनेकवचनी आहे. उर्दू माध्यमात शिकून, कशीबशी डिग्री मिळवून, पुन्हा उर्दू शाळेतच शिकवायला आलेल्या कोकणातल्या कितीतरी बाया त्यात आहेत. आमचे जे झाले तेच थोड्याफार फरकाने त्यांचेही झाले आहे.

२०२५ च्या मे महिन्यात बारावीचा निकाल लागला. आमच्या हाताखाली पाचवीपासून शिकलेली एक मुलगी चांगल्या गुणांनी पास झाली. पेढे घेऊन घरी आली, पण चेहऱ्यावर पेढ्यांची खुशी नव्हती. विचारले तर म्हणाली, "टीचर, अब्बा म्हणतात आता पुरे."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या घरी गेलो. तिच्या अब्बांची श्रीवर्धनच्या बाजूला सुपारीची छोटी वाडी आहे आणि एक रिक्षा आहे. माणूस मुलीच्या शिक्षणाचा दुश्मन मुळीच नाही. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि आमचे सगळे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "टीचर, २०२० साली तुम्ही याच ओट्यावर बसून काय सांगितलं होतं? शाळा आता मोबाइलमध्ये आहे, असं सांगितलं होतं. मी मोबाइल घेतला. मग आता कॉलेजसुद्धा त्याच्यातच असेल ना? पोरगी घरी बसून शिकू दे. तालुक्याला रोज कशाला जायला पाहिजे?"

आम्हाला उत्तर सुचले नाही. ते वाक्य आमचेच होते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. जूनपासून अभ्यास मोबाइलवर घ्यायचे ठरत होते, तेवढ्यात ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर येऊन धडकले. रोठा सुपारीसाठी ज्या वाड्यांचे नाव आहे त्या एका दिवसात आडव्या झाल्या. घरांवरचे पत्रे आणि कौले कुठल्या कुठे गेली. कित्येक दिवस वीज नव्हती, टॉवर बंद होते. ज्यांच्याकडे मोबाइल होते त्यांनाही ते चार्ज करायला जागा नव्हती. वीज आल्यावर आम्ही शिक्षक मंडळी याद्या घेऊन दारोदार फिरलो. कोणाकडे साधा फोन, कोणाकडे स्मार्टफोन, कोणाकडे काहीच नाही, असे तीन रकाने होते. या मुलीचे नाव तिसऱ्या रकान्यात होते. ती तेव्हा आठवीत गेली होती. आम्ही तिच्या अब्बांना म्हणालो, "भाईजान, शाळा आता यातच आहे. पोरीचं वर्ष वाया घालवू नका." पंचनाम्यानंतर नुकसानभरपाईचे जे पैसे हातात आले, त्यातून त्यांनी मोबाइल घेतला. पडलेल्या सुपारीच्या पैशाचा मोबाइल! त्या मुलीने त्याचे चीज केले. आठवीची भूमिती तिने त्या चार इंचांच्या काचेवर बघून बघून सोडवली.

त्या परिस्थितीत आमचे बोलणे बरोबर होते. पण 'सध्या' हा एक शब्द त्यात घालायला हवा होता, तो आम्ही घातला नाही. पाच वर्षांनी त्या एका शब्दाची किंमत मुलगी मोजायला निघाली होती.

त्या रात्री आम्ही बराच वेळ विचार करत बसलो. मोबाइलने आम्हाला काय दिले आणि डिग्रीने काय दिले, याचा हिशेब आम्ही कधी केलाच नव्हता.

कोकणातल्या पुष्कळ मुसलमान घरांत यंत्रे आधी आली आणि डिग्री नंतर आली. आमच्या घरात तर नक्कीच. अब्बा सौदीत ड्रायव्हर होते. दर दोन वर्षांनी यायचे तेव्हा त्यांच्या सामानातून काहीतरी यंत्र निघायचे. आमच्या सगळ्यात जुन्या आठवणीत एक मोठा टेपरेकॉर्डर आहे. गावी येणाऱ्या कोणाच्या तरी हाती अब्बा कॅसेट पाठवायचे. कॅसेटची एक बाजू ते बोलून भरायचे आणि दुसरी कोरी ठेवायचे, आम्ही बोलण्यासाठी. अम्मीला लिहिता येत नव्हते. तिला पत्र लिहून घ्यायला शेजारच्या मास्तरांकडे जावे लागे आणि मास्तरांसमोर नवऱ्याला काय सांगणार? टेपरेकॉर्डर आल्यावर ती पहिल्यांदा दार लावून अब्बांशी बोलली. म्हणून यंत्राला नावे ठेवणे आम्हाला कधी जमले नाही.

पुढे २००५ मध्ये अब्बांनी नोकियाचा ११०० नंबरचा फोन आणला. त्याला वरच्या बाजूला बॅटरीचा दिवा होता. त्या काळात महाराष्ट्रात भारनियमन जोरात होते. २००६ साली आम्ही बारावीला बसलो, तेव्हा रात्रीचा कितीतरी अभ्यास त्या दिव्याच्या उजेडात केला आहे. फोनवर बोलायला पैसे पडत. दिवा फुकट होता.

बारावीनंतर आमच्यापुढेही हाच प्रश्न होता. कॉलेज लांब, एस.टी.च्या वेळा अडनिड्या, घरात मोठी मुलगी म्हणून कामे. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले नसते तर आम्ही आणि आमच्यासारख्या असंख्य मुली बारावीवरच थांबल्या असत्या. त्या विद्यापीठाचे उपकार आम्ही मानतो. पुस्तके घरी आली, ती वाचली, परीक्षा दिल्या, बी.ए. झालो. अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग असत, पण घरून फारसे पाठवले जात नसे. तीन वर्षांत आमच्या एकाही उत्तरावर कोणी 'असं का?' म्हणून विचारले नाही. तेव्हा त्याचे काही वाटले नाही. उलट बरेच वाटले.

२००९ मध्ये बी.एड.ला प्रवेश मिळाला. तेव्हा बी.एड. एका वर्षाचे होते. दोन वर्षांचे ते २०१५ पासून झाले. खालाच्या गावी राहायचे आणि रोज कॉलेजात जायचे. वर्गात उर्दू माध्यमातल्या आम्ही मोजक्या मुली, बाकी सगळे मराठी. पहिल्याच महिन्यात सूक्ष्म अध्यापन सुरू झाले. पाच-सात मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, वर्गमित्रांनीच विद्यार्थी व्हायचे आणि नंतर चुका सांगायच्या. आमच्या वाट्याला प्रश्न विचारण्याचे कौशल्य आले. पाठाचे टाचण आम्ही घोकून गेलो होतो. पाठ संपला. आम्हाला वाटले, छान झाला. मागच्या बाकावरचा गुहागरकडचा एक मुलगा उठून म्हणाला, "ताई, तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. आम्ही काय करायचं?"

सगळा वर्ग हसला. आम्हाला रडू आले. पण त्याचे खरे होते. तीन वर्षे एकटीने अभ्यास केल्यावर दुसरे काय होणार? प्रश्नही आमचा आणि उत्तरही आमचेच. पुढचा पाठ आम्ही पुन्हा घेतला, आणि त्यात पहिला प्रश्न विचारून गप्प उभे राहिलो. ती चार-पाच सेकंदांची शांतता आम्हाला आजही वर्गात उपयोगी पडते.

दुसरा प्रसंग शिक्षणाच्या इतिहासाच्या तासाचा. आम्ही सर सय्यद अहमद खान यांच्यावर बोललो. १८७५ साली अलिगढला त्यांनी सुरू केलेली शाळा, तिचे कॉलेज, पुढे १९२० मध्ये झालेले विद्यापीठ, हे आम्हाला तोंडपाठ होते. आमच्या त्याच मैत्रिणीने जोतीराव फुल्यांवर निबंध वाचला. १८४८ सालची पुण्यातली मुलींची शाळा तिला तोंडपाठ होती. सरांनी दोघींना उभे केले आणि विचारले, "१८८२ साली हंटर आयोगापुढे कोणी साक्ष दिली?" ती म्हणाली, फुल्यांनी. आम्ही म्हणालो, सर सय्यदांनी. दोघींचे उत्तर बरोबर होते, आणि दोघींनाही दुसरीचे उत्तर ठाऊक नव्हते. एकाच आयोगापुढे एक जण आधी गावोगावच्या प्राथमिक शाळा मागत होता आणि दुसरा उच्च शिक्षणावर भर देत होता. मराठी पुस्तकात एक माणूस होता, उर्दू पुस्तकात दुसरा. दोघे एका वर्गात भेटले ते आम्ही दोघी एका बाकावर बसलो म्हणून. त्या दिवसापासून आम्ही मराठी पुस्तके मनापासून वाचायला लागलो. आज हा लेख मराठीत लिहितो आहोत, त्याचे मूळ त्या तासात आहे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण डिग्रीने पोट भरते का? या प्रश्नाला आम्ही बगल देणार नाही. शिक्षणसेवक म्हणून पहिली तीन वर्षे आम्ही मानधनावर काढली. त्या पैशात घर चालत नव्हते. १ जानेवारी २०२३ पासून माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला १८ हजार मिळतात, हे ऐकून आम्हाला आनंद झाला आणि थोडा हेवाही वाटला. आमचा धाकटा भाऊ एस.वाय.ला कॉलेज सोडून मुंबईला मोबाइल दुरुस्ती शिकला. एस.टी. स्टँडसमोर त्याचे दुकान आहे. आम्ही मानधनावर होतो तेव्हा तो आमच्याकडून उसने घ्यायचा नाही, द्यायचा. अम्मी आजही पाहुण्यांना सांगते, "एक शिकली आणि एक कमावता झाला."

अब्बांचे मत आणखी वेगळे होते. सौदीत त्यांनी पाहिले होते की डिग्रीवाल्याचा व्हिसा वेगळा आणि ड्रायव्हरचा वेगळा. ते म्हणायचे, "सनद घ्या." सनदेच्या पाठीमागे तेव्हा सरकारचा, परराष्ट्र मंत्रालयाचा, दूतावासाचा असे शिक्के मारून घ्यावे लागत, ते त्यांना पक्के माहीत होते. त्यांच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे शिक्के बसण्याजोगा कागद देणारे ठिकाण. यात चुकीचे काही नाही. आमच्या समाजात असे कागद मुळात कमीच. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला, त्यात मुसलमानांत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे प्रमाण शंभरात चारपेक्षाही कमी दाखवले होते. तो आकडा वाचला तेव्हा आम्ही बारावी होऊन घरी बसलो होतो आणि नाशिकची पुस्तके यायची होती.

मोबाइलचेही उपकार मोजले पाहिजेत. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि आमच्या आडगावात पुस्तकांचा दुष्काळ संपला. उर्दू पुस्तकांसाठी आधी मुंबईला भेंडी बाजारात कोणी जाईल त्याची वाट पाहावी लागे. आता 'रेख्ता'वर जुनी दुर्मिळ पुस्तके रात्री अकरा वाजता उघडून वाचता येतात. बालभारतीचे उर्दू पाठ्यपुस्तक उशिरा आले तर पीडीएफ मिळते. हे आमच्या उस्तादांना मिळाले असते तर त्यांनी किती शिकवले असते!

पण त्याच मोबाइलवर आमचे विद्यार्थी उर्दू इंग्रजी अक्षरांत लिहितात. ज़े, ज़ाल, ज़ुआद, ज़ोए ही चार अक्षरे तिथे एका झेडमध्ये उरकली जातात. मग वहीत इम्ला घातला की पोरे विचारतात, "टीचर, यातला कोणता?" बऱ्याच मोबाइलवर उर्दू मजकूर नस्ख वळणात दिसतो, मुले म्हणतात, ही उर्दू नाही, अरबी आहे. आपली नस्तालीक तिरकी उतरत येते, ती यंत्रात बसवणे कठीण. एके काळी उर्दू वर्तमानपत्रे कातिब लोक हाताने लिहीत, ती याचमुळे. १९८१ मध्ये अहमद मिर्झा जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' तयार केली. त्यासाठी हजारो जोडअक्षरे हाताने लिहून यंत्राला द्यावी लागली. यंत्राला आपली लिपी आपोआप आली नाही. लिपी आणि यंत्र दोन्ही समजणारी माणसे मिळाली म्हणून आली. उद्याच्या मोबाइलला आपल्या मुलांची भाषा नीट शिकवायची असेल तर तशी माणसे पुन्हा लागतील. ती कुठून येणार?

हे सारे मनात घेऊन आम्ही दोन दिवसांनी पुन्हा त्या ओट्यावर गेलो. आधी भावाच्या दुकानात थांबलो. तो एका फोनचे पाठचे झाकण काढून बसला होता. त्याला सगळे सांगितले. तो मान वर न करता म्हणाला, "आपा, मी रोज पंधरा मोबाइल उघडून बघतो. आत कॉलेज कधी दिसलं नाही."

मुलीच्या अब्बांना आम्ही आधी आमची चूक सांगितली. म्हणालो, "ते वादळाच्या आणि साथीच्या दिवसांपुरतं होतं, भाईजान. आम्ही तसं स्पष्ट सांगायला हवं होतं." मग आमची बी.ए.ची तीन वर्षे आणि त्या गुहागरच्या मुलाचे वाक्य सांगितले. ते हसले, पण हिशेबाला पक्के. म्हणाले, "टीचर, वाडी गेली. नवीन सुपारी लावली आहे, ती धरायला सहा-सात वर्षं. ती धरेल हे मला माहीत आहे. डिग्री लावली तर काय धरेल, सांगा."

खोटे आश्वासन द्यायचे नाही, असे आम्ही ठरवून गेलो होतो. नोकरीची हमी आमच्याकडे नाही, हे सांगून टाकले. बोलणे तिथेच थांबले असते. पण आतून मुलीची अम्मी बाहेर आली आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "झाडांसाठी सात वर्षं थांबायला तयार आहेत. पोरीसाठी तीन वर्षं थांबायला काय होतं?"

पुढच्या सोमवारी आम्ही चौघे तालुक्याला गेलो. ऑफिसात फॉर्म घेतला. मुलीच्या अब्बांनी वाचनालय पाहिले, मुलींची खोली पाहिली आणि शिपायाला परतीच्या एस.टी.ची वेळ दोनदा विचारली. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. त्यामुळे रिक्षाचे प्रवासी कमी झाले म्हणून ते नेहमी कुरकुरतात. त्या दिवशी मात्र अर्ध्या तिकिटाचा महिन्याचा हिशेब त्यांनी बोटांवर केला आणि फॉर्मवर सही केली. अट एकच घातली. एस.टी.त बसल्यावर मुलीने फोन करायचा.

तेव्हा आमच्या लक्षात आले की आम्ही सगळेच या मोबाइलची चुकीची बाजू धरून भांडत होतो. तो नसता तर या बापाचा जीव मुलीला पाठवायला धजला नसता. मुलीला घरी बसवायला जे यंत्र कारण म्हणून पुढे आले, तेच यंत्र खिशात आहे म्हणून ती आता घराबाहेर जाते.

वाचकांत आई-बाप असतील, शिक्षक असतील. त्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलीला मोबाइल जरूर घेऊन द्या. तो देताना कॉलेजचा फॉर्मही आणा. ज्यांना खरोखरच बाहेर पडता येत नाही त्यांनी घरी बसून जरूर शिकावे, आम्हीही तसेच शिकलो. पण जिला जाता येण्यासारखे आहे तिला मोबाइलचे कारण सांगून थांबवू नका.

दिवाळीच्या सुट्टीत ती मुलगी भेटायला आली. जरा खट्टू होती. वर्गात तिने एक उत्तर दिले, सरांनी विचारले, "असं का?" आणि तिला काही बोलता आले नाही. सगळ्यांसमोर गप्प उभी राहिली. "फार शरम वाटली, टीचर," म्हणाली.

आम्ही तिला बसवले आणि चहा ठेवायला आत गेलो. आम्हाला फार बरे वाटले होते, ते तिला दिसू द्यायचे नव्हते.